सर्जेरावांनी बांधलेली पिकअप

सर्जेराव हिवराळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका पिकअपच्या हौद्यात अकरा शेळ्यांबरोबर उभे होते.

बीड बायपासला लागून त्यांचं पत्र्याचं शेड आहे. मी आणि माझा नवरा मंदार तिथं पोचलो तर शेडमध्ये कोणीच नाही. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, "बसा, येतेत आत्ता. शेळ्या घेऊन चक्कर मारायला गेलेत." अर्ध्या तासाने गाडी आली. मागे शेळ्यांच्या गर्दीत साठीला टेकलेला एक सडपातळ माणूस, एका हाताने वरची दांडी धरलेली, नजर खाली शेळ्यांच्या पायांकडे. गाडी थांबली तरी तो उतरेना. वाकून खडूने हौद्याच्या तळावर खुणा करत राहिला.

"वळणावर ह्या पडतेत," आम्ही कोण, काय काम, हे विचारायच्या आधीच त्यांनी आम्हाला सांगितलं. "मालक म्हणतो ड्रायव्हरची चूक हाय. मी म्हटलं, बघू तर खरं. तर समद्या शेळ्या मागचे पाय इथं रोवतेत, आन् पत्रा नेमका इथंच गुळगुळीत. चार पट्ट्या मारल्या की झालं काम."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांनी पान हातात घेऊन नीट बघावं म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा केलेला आहे. शेळी का पडते ते बघायला शेळ्यांमध्ये जाऊन उभा राहणारा माणूस मला तिथल्या तिथं आवडला.

आमचं काम जरा वेगळं होतं. मला कॉलेजने जानेवारीपासून एक वर्षाची रजा दिली होती. मंदारने वाळूजच्या कारखान्यातली डिझाइनची नोकरी सोडली होती. राजस्थानातून वर लडाख, तिथून हिमालयाच्या पायथ्यापायथ्याने थेट अरुणाचल, असा सात-आठ महिन्यांचा प्रवास आम्ही ठरवला होता. त्यासाठी चार दारांची एक जुनी पिकअप घेतली होती. तिच्या मागच्या हौद्यावर एक खोली बसवायची होती. झोपायला जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या. आरटीओला काय चालतं, काय चालत नाही, हे मंदारने आधीच विचारून ठेवलं होतं. खोलीचे सगळे नकाशेही त्यानेच काढले होते. आम्हाला हवा होता फक्त एक चांगला वेल्डर.

सर्जेराव गाडीभोवती फिरले. मग गोणपाट अंथरून गाडीखाली गेले आणि वीस मिनिटं बाहेरच आले नाहीत. आतून अधूनमधून प्रश्न येत होते. "खाली दगडं लागतील का?" "नदीनाल्यात घालणार का?" "बर्फ वितळवायला लडाखला मीठ टाकतेत का रस्त्यावर? पत्रा गंजतो त्यानं." शेवटचा प्रश्न मंदारने वहीत लिहून घेतला.

ही सवय त्यांना शहागंजमधल्या उस्तादांनी लावली होती. सर्जेराव फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातले. वडील विहिरी खोदायचे. सातवीनंतर शाळा सुटली आणि ते शहागंजात पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली लागले. लग्नात मुलीला देतात त्या, फुलं रंगवलेल्या पेट्या. पुढे उस्ताद टेम्पोच्या बॉड्या बांधू लागले आणि सर्जेरावही. उस्ताद एकच सांगायचे, "पैले गाडी के नीचे जा, फिर मेरे से बात कर." तेव्हापासून सर्जेरावांनी चारशेच्या वर हौदे बांधले. भाजीचे, दुधाचे, कोंबड्यांचे, मांडवाच्या सामानाचे. प्रत्येक गाडी कामाला घेण्याआधी ते जवळच्या वजनकाट्यावर नेतात. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. ती चिठ्ठी शेडमधल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवून ठेवतात. आमच्याही गाडीची चिठ्ठी त्या दिवशी तिथं लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शेडच्या जमिनीवर पुठ्ठा पसरून झोपायला लावलं.

"झोपा."

"अहो, नकाशात मापं आहेत," मंदार म्हणाला.

"ते बिछान्याचं माप झालं, साहेब. तुमचं कुठं हाय?"

आम्ही झोपलो. रस्त्यावरून जाणारे लोक बघत होते. सर्जेरावांनी खडूने आमच्या दोघांभोवती रेघ ओढली. "रात्री उठतं कोण? कुणाला कड लागती?" मी उठते, असं मी सांगितलं. मंदार गुडघे पोटाशी घेऊन तिरका झोपतो हे लग्नानंतर सोळा वर्षांनी खडूच्या रेघेने सिद्ध झालं. बिछाना सहा इंचांनी रुंद झाला आणि माझी बाजू दाराकडे आली.

मंदारचा नकाशा मात्र त्यांनी फार वेळ पाहिला. भिंतीला टेकून, चष्मा कपाळावर चढवून, बोट न लावता. एका जागी त्यांची नजर थांबलेली मला दिसली. तिथं पाण्याची टाकी होती, गाडीच्या पार मागच्या टोकाला. तिच्या शेजारी बॅटऱ्या. मंदारला वाटलं त्यांना काही कळलेलं नाही, म्हणून तो समजावून सांगू लागला. "पाणी भरायला मागून सोपं जातं. आणि झोपायची जागा पुढे मोकळी राहते."

"हां," सर्जेराव म्हणाले. "बराबर."

आणि तसंच बांधायला लागले.

दोन महिने काम चाललं. मी रोज संध्याकाळी कॉलेजातून परस्पर शेडवर जायची. हळूहळू मी त्यांची "मॅडम"ची "सईताई" झाले. ते गाडीचं काम करताना मला झाडांबद्दल विचारायचे. निलगिरीचं साल का सुटतं, बाभळीचा काटा म्हणजे पान असतं की फांदी. मी विचारायची, चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, खोली थेट वेल्डिंग का करत नाही? मग त्यांनी मला एक ओली कणकेची पट्टी दोन्ही टोकांना धरून पिळून दाखवली. ती मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेडवरच पोळ्या करायला मळून आणलेली कणीक होती. "चालताना चेसिस अशी पिळती. वरची पेटी पक्की डकवली तर कुठं ना कुठं तडकणार. म्हणून तीनच आधार, अन् मध्ये रबर." आमच्या त्या खोलीला ते शेवटपर्यंत पेटीच म्हणाले.

मनकर्णाबाई गारखेड्यात एका बालवाडीत मदतनीस होत्या. दुपारी सुटल्यावर शेडवर यायच्या. पेटीच्या बाजूची फळी बाहेरच्या अंगाला खाली पाडली की तिचाच ओटा होणार होता, ते बघून त्यांनी लगेच विचारलं, "आन् वारा आला की गॅस विझला, मग?"

"त्याला आडोसा करू," सर्जेराव म्हणाले.

"कधी करणार? तिथं बर्फात?"

जानेवारीत पेटी तयार झाली. आम्ही दोन आठवड्यांत निघणार होतो. सर्जेरावांनी अट घातली की पहिली रात्र त्यात ते आणि मनकर्णाबाई झोपणार. "म्या बांधली, तर म्या झोपून बघायला नको?" मनकर्णाबाईंचं माहेर फुलंब्रीच्या अलीकडे आहे. त्यांच्या भावाच्या शेतात गाडी लावायची ठरली. आमच्यासाठी बाजूला तंबू.

टाकी काठोकाठ भरून, सगळं सामान चढवून आम्ही निघालो. मंदार गाडी चालवत होता, सर्जेराव त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. चौक्याचा घाट चढताना सर्जेराव बाहेर बघतच नव्हते. त्यांची नजर मंदारच्या हातांवर होती. मंदार स्टिअरिंग सारखं जरा इकडे, जरा तिकडे करत होता, त्याच्याही लक्षात येत नसेल इतकं थोडं. शेतात पोचल्यावर चुलीवरची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं आणि जो तो आपापल्या जागी झोपला.

सकाळी मनकर्णाबाईंच्या आवाजाने जाग आली. "रात्री पाऊस झाला का हो?"

मी तंबूतून बाहेर आले. जमीन कोरडी ठणठणीत. हवेत चांगलाच गारठा होता. मनकर्णाबाई पेटीच्या दारात बसून पदराने कपाळ पुसत होत्या. आतल्या पत्र्याच्या छतावर पाण्याचे थेंब लागलेले, काही टपकत होते. गाद्यांच्या कडा ओल्या. मंदार शिडी लावून वर चढला आणि फट कुठं राहिली ते शोधू लागला.

"फट नाय," सर्जेराव आतून म्हणाले. ते उताणे पडून छताकडे बघत होते. एक थेंब बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावला. मग एक कोरडं फडकं मागितलं. सगळं छत, भिंती पुसल्या, फडकं पिळलं. पुन्हा पुसलं, पुन्हा पिळलं. स्टीलचा एक पेला जवळजवळ भरला. तो पेला हातात घेऊन ते बाहेर आले आणि शेतातल्या घराच्या ओसरीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

"सईताई, झाडं पाणी सोडतेत म्हणता ना पानांतून? तसं हे आमचं दोघांचं हाय. श्वासाचं."

मी म्हटलं, अगदी बरोबर. गार पत्र्याला लागून श्वासातल्या वाफेचं पाणी झालं.

"एका रातीत पेलाभर!" ते थक्क झाले होते. "म्हंजे घरी पण जात असल की. भिंती पीत असतील."

"बारा वाजेस्तोवर बोलत होते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याचंच पाणी ते."

चहा झाला. मंदार वहीत लिहू लागला की आतून फोम लावायचा, वर आणि खाली समोरासमोर झरोके ठेवायचे. सर्जेराव उठले. "साहेब, चावी देता का?" गाडी घेऊन एकटेच रस्त्यावर गेले, पाच मिनिटांनी आले. मंदारसमोर उभे राहिले, हात मागे बांधून.

"एक बोलू का?"

"बोला ना."

"गाडी पुढून उचलायली. घाट चढताना तुमचे हात बघत होतो मी. आत्ता चालवून पाह्यलं. पुढची चाकं रस्ता धरत नायत. पाणी अन् बॅटऱ्या लई मागं गेल्यात."

मंदारचा चेहरा उतरला. "नवीन वजन आहे, सवय व्हायची मला. हिशोब केला होता मी."

"मग काट्यावर चला."

आम्ही तसेच काट्यावर गेलो, शेडवरून जुनी चिठ्ठी घेऊन. रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकांवर होते एक हजार साठ किलो. आता फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली. आकडा थांबला नऊशे सत्तरवर. मंदार खाली उतरून स्वतः बघून आला. गाडीवर जवळपास सातशे किलो चढवलं होतं आणि पुढची चाकं आधीपेक्षा नव्वद किलोंनी हलकी झाली होती. पोरांच्या सी-सॉच्या फळीसारखं, मागच्या टोकावरचं वजन मागच्या चाकांना टेकू करून पुढचं टोक उचलत होतं. लडाखच्या ओल्या वळणावर अशी गाडी स्टिअरिंग फिरवूनही सरळच गेली असती.

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. गाडी बाजूला घेतल्यावर मी सर्जेरावांना विचारलं, "तुम्ही नकाशा पाहिला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पायाने खडी इकडची तिकडे केली. "कागद लई देखणा होता तुमचा."

हे त्यांनी थट्टेने म्हटलं नव्हतं. घरी जाताना, मंदार गाडी चालवत असताना, त्यांनी सांगितलं. तिशीत असताना ते एका कारखान्यात कंत्राटावर होते. तिथं एका लोखंडी सांगाड्याच्या नकाशात त्यांना चूक दिसली. ती त्यांनी दाखवली तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, तू वेल्डिंगचे टाके मार, डोकं लावायला आम्ही बसलोय. सांगाडा नंतर वाकला. "वाकला त्याचं मला काय नाय. पण तवापासून कागदावर कुणी इंजिनिअरनं काढलेलं असलं की माझी जीभच उचलत नाय. शेळीवाल्याला मी धा गोष्टी सांगन. तुम्हाला नाय सांगू शकलो. चूक झाली माझी. माणसं बसणार होती त्यात."

मंदारने गाडी रस्त्याकडेला घेतली. तो तसा पटकन माफी मागणारा माणूस नाही. पण त्याने नकाशाची गुंडाळी मागून काढली, सर्जेरावांच्या मांडीवर पसरली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "टाकी कुठं पाहिजे ते काढा."

त्यांनी पेन धरलं, पण रेघ मारेनात. "खाडाखोड व्हईल."

"होऊ द्या."

मग त्यांनी टाकीवर काट मारली आणि केबिनच्या मागे, अगदी खाली, एक वाकडातिकडा चौकोन काढला. बॅटऱ्या त्याच्या शेजारी. त्यानंतर हात सुटला. झरोके कुठं, ओट्याचा आडोसा कुठं, सगळं काढलं. तो कागद आता आमच्या घरी भिंतीवर आहे.

अर्धी पेटी उपटून पुन्हा बांधायला दीड महिना गेला. प्रवास मार्चवर ढकलला. या वेळी सर्जेराव प्रत्येक गोष्ट मंदारशी भांडून करत होते. धूळ आत येते का बघायला त्यांनी आत चार पांढरे रुमाल टांगले आणि विटांच्या ट्रकमागून कच्च्या रस्त्याने गाडी पळवली. एक रुमाल तांबूस झाला, त्याच्या जवळची फट सापडली. शेवटी काट्यावर पुढची चाकं एक हजार नव्वद भरली. सर्जेरावांनी नवी चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवर अडकवली आणि मनकर्णाबाईंना फोन लावला, "जमलं."

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, चला ना आमच्याबरोबर राजस्थानपर्यंत, मागे जागा आहे. दोघंही दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जातात, मुंबईला दोनदा गेलेत, त्यापलीकडे कुठं नाही. सर्जेराव हसले. "मी कशाला? माझी पेटी चाललीय की."

पण फोन दर रविवारी यायचा. दार कोणत्या बाजूने वाजतंय, रबराला भेगा दिसतात का, रात्री किती पाणी जमलं. लडाखमध्ये विरळ हवेने चिवड्याच्या पुड्या फुग्यासारख्या फुगल्या हे सांगितल्यावर त्यांनी पेटीच्या दाराचं रबर बाहेर आलं का ते आधी विचारलं आणि मग पुड्यांचा फोटो मागवला. मनकर्णाबाई कुकरच्या शिट्ट्यांची चौकशी करायच्या. उंचावर डाळ शिजायला किती वेळ लागतो हे ऐकून त्यांनी बालवाडीतल्या सगळ्यांना सांगितलं.

सप्टेंबरअखेर अरुणाचलात सेला खिंडीचा रस्ता उतरताना पेटीखालून खाडकन् आवाज आला. पेटीच्या सांगाड्याला पुढच्या डाव्या आधाराजवळ तडा गेला होता. सर्जेरावांचा फोन लागेना. पट्टा आवळून, हळूहळू आम्ही तेजपूरपर्यंत आलो. तिथं ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत बिपुल नावाचा एक वेल्डर भेटला, पन्नाशीचा, फार न बोलणारा. तासभर तो गाडीखाली पडून राहिला. मग त्याने लोखंडाची पट्टी कापली आणि तडा सांधून दिला. पुढचे तीन हजार किलोमीटर ती पट्टी हलली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही परतलो आणि घरी जायच्या आधी शेडवर गेलो. मनकर्णाबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवला, "काळी झालीस लई," म्हणाल्या. सर्जेराव मंदारच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि लगेच गोणपाट घेऊन गाडीखाली गेले.

तिथून ते दोन तास निघाले नाहीत. चेसिसच्या कोपऱ्यांत सुकलेली माती ते खरवडून कागदावर काढत होते आणि मला दाखवत होते. "ही पांढरी कुठली?" कच्छच्या रणाजवळची. "ही राखाडी?" बहुतेक स्पितीची. "अन् ही लाल?" ती मला ओळखता आली नाही. त्यांनी ती वेगळी पुडी बांधून ठेवली.

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "साहेब! हे कुणी केलं?"

बिपुलने लावलेली पट्टी त्यांना सापडली होती. मीही खाली वाकून पाहिलं. आपल्याकडे अशा जागी चौकोनी तुकडा लावतात. ही पट्टी पतंगासारखी होती, दोन्ही टोकं निमुळती. टाके फक्त तिरप्या कडांवर होते, टोकांशी अजिबात नाहीत.

"टोक सोडलंय त्यानं," सर्जेराव पुटपुटले. "विसरला का मुद्दाम सोडलं? नाय, मुद्दाम. दोन्ही बाजूंनी सारखंच सोडलंय." मग स्वतःशीच, "कामून?"

मंदारने बिपुलचा नंबर जपून ठेवला होता. सर्जेरावांनी गाडीखालूनच फोन लावला. "हॅलो, बिपुलभाई? मैं औरंगाबाद से सर्जेराव बोलरा. वो पेटी मेरी है. तुमने पट्टी तिरछी कायकू काटी?"

तिकडून जे उत्तर आलं ते अर्धं असमिया, अर्धं हिंदी होतं. सर्जेराव "फिरसे बोलो, फिरसे बोलो" म्हणत होते. चाळीस मिनिटं ते बोलणं चाललं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. खडू घेऊन त्यांनी जमिनीवर आम्हाला समजावलं. चौकोनी तुकड्याची कड सरळ आडवी येते, सगळा ताण त्या एका रेघेवर, म्हणून काही दिवसांनी बरोबर त्या रेघेवर तडकतं. तिरपी कड ताण थोडा थोडा वाटून घेते. बिपुल आयुष्यभर चहाच्या मळ्यांतले आणि बांबूचे ट्रक सांधत आला होता. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. तुटलेले तुकडे बघून बघून कळलं होतं.

"चाळीस वर्षं मी चौकोनी मारायलो," सर्जेराव म्हणाले. "अन् तडकलं की वेल्डिंगच्या रॉडला शिव्या द्यायलो."

त्या आठवड्यात त्यांनी भंगारातून लोखंडाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, दोन्ही अर्ध्यात कापल्या. एकीला चौकोनी तुकडा लावला, दुसरीला पतंगी. दोन्ही पकडीत धरून रोज दुपारी शंभर-शंभर वेळा वाकवायच्या, असं सुरू केलं. चौकोनी पट्टी नवव्या दिवशी तडकली. पतंगी सव्विसाव्या दिवसापर्यंत टिकली, मग त्यांचंच मनगट दुखायला लागलं. बिपुलला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिकडूनही खूप प्रश्न आले. रबर कुठलं वापरता, तीन आधार का, चार का नाहीत. फोनवर हातवारे दिसत नाहीत, ही दोघांचीही अडचण होती.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्यांची मुलगी करुणा नागपूरला नर्स आहे, तीही आली होती. जेवताना सर्जेरावांनी भात कालवत करुणाला सहज म्हटल्यासारखं विचारलं, "तेजपूरला रेल्वे जाती का गं?"

मनकर्णाबाईंचा हात थांबला. "वेल्डरला भेटायला?"

"त्यानं बोलावलंय. म्हणला, या, दोन ट्रक खोलून ठेवतो."

"अन् मी काय करू तिथं? तुम्ही गाडीखाली पडणार."

"तू बघ की काय काय हाय तिथं. सईताईंना विचार."

मी सांगत सुटले. नदी, चहा, हत्ती, पानांची भाजी. मनकर्णाबाई ऐकून घेत होत्या. भांडी घासताना त्यांनी मला हळूच विचारलं, "थंडी लई असती का तिकडं? स्वेटर न्यावा लागल का?" करुणाने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

जानेवारीत ते दोघं मनमाडहून गाडीत बसले. शेडला बारा दिवस कुलूप होतं. टायरवाला येईल त्याला सांगत होता, "आसामला गेलेत, पट्टी बघायला."

चौथ्या दिवशी मला मनकर्णाबाईंचा पहिला फोटो आला. एका मोठ्या ट्रकखालून चार पाय बाहेर आलेले, दोन सर्जेरावांच्या ओळखीच्या चपलांतले, दोन अनवाणी. सोबत आवाजी निरोप होता. "सकाळपासून दोघं आत हायत. याला त्याचं कळंना, त्याला याचं कळंना, तरी भांडायलेत. बिपुलची बायको अन् मी हसून हसून थकलो."

त्यानंतर आलेला फोटो एका हिरव्या, कोबीच्या गड्ड्याएवढ्या फळाचा होता. खाली देवनागरीत लिहिलं होतं, करुणाने फोनवर लिहायला शिकवलं होतं म्हणून. "हे आंबट फळ इथं डाळीत टाकतेत. नाव सांगा. आपल्याकडं लावलं तर येईल का?"

नाव मला ठाऊक होतं. मोठा करमळ, कोकणातही होतो. आपल्या कोरड्या जमिनीत येईल का, हे मात्र सांगता येईना. मी तसं कळवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "बिया आणते. लावून बघू."